घरभाडे आणि गाडीभाडे

मुंबईचा इतिहास लिहिणारे बहुधा किल्ला, गोदी, गिरण्या आणि शेअरबाजार यांवर आपली शाई खर्च करितात. महिनाअखेरीस हिशेबाची वही पुढे ओढून बसणारा कारकून, शिक्षक किंवा लहान दुकानदार त्यांच्या पानांवर क्वचितच भेटतो. वास्तविक गेल्या सव्वाशे वर्षांत मुंबई जी उत्तरेकडे व पूर्वेकडे पसरली, ती ह्याच माणसाच्या बिऱ्हाडामागून पसरली. दोन खोल्या, पुरेसे पाणी आणि मुलांस बरी शाळा एवढेच मागणे घेऊन तो गिरगावातून दादरला, दादरहून पार्ल्याला, आणि पार्लेही परवडेनासे झाले तेव्हा डोंबिवलीस किंवा विरारास सरकत गेला. ह्या स्थलांतराचा इतिहास तपासला असता एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. घरभाडे आणि गाडीभाडे ही दोन निराळी भाडी नव्हेत. ते एकाच किमतीचे दोन हप्ते होत, आणि तिसरा हप्ता कुटुंबास वेळेच्या रूपाने भरावा लागतो. ज्यांनी हे तिन्ही हप्ते एकत्र मांडून पाहिले त्यांच्या योजना तरल्या. ज्यांनी एकाकडेच पाहिले त्यांच्या योजना फसल्या.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली आणि पुढील वर्षीच रूळ कल्याणास पोचले. परंतु त्या रुळांची नजर घाटापलीकडच्या कापसावर होती. ठाण्याच्या बिऱ्हाडकरूस रोज कचेरीत पोचविण्याचा विचार त्यामागे नव्हता. म्हणून गाडी सुरू होऊन चाळीस वर्षे लोटली तरी बहुसंख्य मुंबईकर कामाच्या जागेपासून पायी जाता येईल इतक्याच अंतरावर राहत होते. भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी, गिरगाव येथील चाळींत माणसे दाटली ती केवळ हौसेने किंवा अज्ञानाने नव्हे. पायांखेरीज दुसरे वाहन ज्यास परवडत नाही, त्यास लांबचे स्वस्त घर महागच पडते.

ही दाटी कोणत्या थरास गेली आहे हे 1896 सालच्या प्लेगने उघड केले. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीच्या वस्तीत रोग ओळखला आणि थोड्याच महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. सरकारचे डोळे उघडले व 1898 च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. ट्रस्टने जुन्या वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. पण जितक्या त्वरेने घरे पाडली तितक्या त्वरेने बांधली नाहीत, आणि उठलेली गरीब बिऱ्हाडे शेजारच्या गल्लीत जाऊन तेथील दाटी वाढवू लागली. हा दोष पदरी असूनही ट्रस्टचे एक काम दूरदृष्टीचे होते. दादर, माटुंगा आणि वडाळा येथील शेते व मोकळ्या जागा त्याने, शहर तेथे पोचण्याच्या आधीच, ताब्यात घेतल्या. रस्ते, गटारे व बागा आखल्या. आणि मग दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने भूखंड दिले. जमिनीचे वाढते मोल खासगी दलालाच्या खिशात न जाता रस्त्यांच्या व बागांच्या कामी आले. आगगाडी व ट्राम हाताशी होतीच. हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी ह्या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या, आणि ‘शहराबाहेर’ राहणे म्हणजे वनवास ही पांढरपेशा वर्गाची समजूत प्रथमच ढळली.

त्याच सुमारास ह्या वर्गाने स्वतःही एक उपाय शोधिला. रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने 1915 साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. एकट्याच्या मिळकतीत जे घर बसत नाही ते वीस-पंचवीस जणांच्या पतीवर बसते, हे तिने दाखवून दिले. पहिल्या महायुद्धामुळे भाडी भडकली आणि 1918 साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा सरकारास करावा लागला. तेव्हा सहकाराचे महत्त्व अधिकच पटले. मात्र ह्या संस्था बहुधा एका ज्ञातीच्या असत. घर मिळण्यासाठी परस्परांवरील विश्वास लागे, आणि तो विश्वास त्या काळी जातीबाहेर फारसा जात नसे. आपल्या उपनगरांच्या घडणीतील हा वारसा अभिमानाने सांगताना त्याची ही मर्यादाही विसरू नये.

मजुरांसाठी सरकारने जे केले त्याची कथा अधिक बोधप्रद आहे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी 1920 साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले व कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे 207 चाळी मिळून सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. घरांची एवढी टंचाई असूनही वरळीच्या पुष्कळशा खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात तर त्यांचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला. कारण उघड आहे. चाळी पक्क्या होत्या, पण गिरण्या, बाजार आणि भाडे यांचा मजुराच्या दिनक्रमाशी व मिळकतीशी मेळ बसविलेला नव्हता. छप्पर म्हणजे घर नव्हे, ही गोष्ट सिमेंटच्या त्या राशीने सिद्ध केली.

इंग्लंडात हाच प्रश्न निराळ्या बाजूने हाती घेतला गेला होता. लंडनमध्ये स्थानक वाढविण्यासाठी रेल्वे कंपनीस मजुरांची घरे पाडावयाची होती. 1864 साली पार्लमेंटने परवानगी देताना, मजुरांसाठी पहाटे अल्प भाड्याच्या गाड्या सोडल्या पाहिजेत अशी अट घातली. 1883 च्या कायद्याने ती सवलत देशभर पसरली. वॉल्थमस्टो, एडमंटन यांसारखी खेडी पाहता पाहता कामकऱ्यांची उपनगरे बनली. गाडीभाडे हा गृहनीतीचाच भाग आहे, ही दृष्टी त्यामागे होती. मुंबईत असा कायदा झाला नाही. तरी मासिक पासाने तेच काम पुष्कळ अंशी केले. त्याला जोड मिळाली विजेची. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास विजेची पहिली गाडी धावली. 1928 साली पश्चिमेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत व 1936 साली विरारपर्यंत वीज पोचली. मैल तेवढेच राहिले, पण घटका कमी झाल्या. पार्ल्यासारख्या गावी लोकांनी गाडीच्या भरवशावर बिऱ्हाडे थाटली आणि 1921 साली स्वतःची शाळाही उभारली. बिऱ्हाड स्थिर होते ते शाळेने, हे त्यांनी जाणले होते.

स्वातंत्र्यानंतर गणित पालटले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 सालच्या पातळीस गोठविली. जुन्या भाडेकरूंस त्याने खरोखर वाचविले. पण भाड्याने देण्यासाठी नवे घर बांधणे त्यामुळे आतबट्ट्याचे ठरले, आणि पागडीचा शिरस्ता बळावला. नव्याने संसार मांडणाऱ्यास भाड्याची खोली मिळेना; तेव्हा मालकीचा ‘ब्लॉक’ हाच मार्ग उरला. 1963 साली मालकीहक्काच्या सदनिकांचा कायदा आला तोवर ही चाल रुळली होती. मालकीसाठी एकरकमी पैसा हवा, म्हणून अंतर आणखी वाढले. डोंबिवली, कल्याण, वसई, विरार ही गावे शहरे बनली. पण ह्या वेळी जमीन आधी हाती घेणारा ट्रस्ट नव्हता. गाडी आली, भाव चढले, चढलेला भाव जमीनवाल्याने व बांधणाऱ्याने घेतला. रस्ते, पाणी व गटारे यांची उणीव मात्र राहणाऱ्यांच्या वाट्यास आली.

ट्रस्टचा जुना धडा एकदा पुन्हा गिरविला गेला, तो खाडीपलीकडे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलेली कल्पना उचलून 1970 साली सिडको स्थापन झाले व पंचाण्णव गावांची जमीन नव्या मुंबईसाठी राखण्यात आली. वाशीचा पूल 1973 साली झाला. परंतु लोकल वाशीस पोचली 1992 साली. मधल्या एकोणीस वर्षांत नवे शहर रखडले त्याचे आश्चर्य वाटावयास नको. शिवाय जमीन घेतली ती शेतकऱ्यांची व मिठागरवाल्यांची. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये उरण भागात जे आंदोलन झाले त्यात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. शहरातील बिऱ्हाडकरूचे घर खेड्यातील कुळाच्या घराच्या मोबदल्यात उभे राहते, ही बाब त्या पाच मृत्यूंनी सर्वांपुढे आणली.

आता तिसरा हप्ता, म्हणजे वेळ. लांबचे स्वस्त घर घेणारा दिवसाचे तीन-चार तास गाडीस देतो. ही किंमत कोणत्याही खरेदीखतात नोंदलेली नसते. आणि घरात ती सर्वांत जड पडते नोकरी करणाऱ्या स्त्रीस. 1992 साली पश्चिम रेल्वेने केवळ स्त्रियांसाठी लोकल सुरू केली. तिच्या डब्यांत भाजी निवडली जाते ह्याचे आपण कौतुक करितो. वस्तुतः घराच्या किमतीतील तो एक हप्ता आहे. त्याहून दारुण हिशेब असा, की महामारीची वर्षे सोडता 2010 ते 2024 पर्यंत दर वर्षी मुंबईच्या लोहमार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

इतिहासाने ह्या प्रश्नाचे उत्तर लपवून ठेविलेले नाही. गाडी जेथे जावयाची तेथील जमीन आधीच लोकहितार्थ राखावी. मूळ मालकास वाढत्या मोलाचा वाटा द्यावा. घरे विक्रीसाठी तशीच भाड्यासाठीही बांधावी. आणि पहिले बिऱ्हाड येण्यापूर्वी पाणी, शाळा व लोकल तेथे पोचवावी. ह्यांपैकी एकेक गोष्ट आपण कधी ना कधी करून दाखविली आहे. चारही एका ठिकाणी व एका वेळी केल्या, असे मात्र अद्याप एकदाही घडलेले नाही. ते घडेपर्यंत प्रत्येक पिढीतील तरुण जोडपे मागच्या पिढीहून दोन स्थानके पुढे उतरत राहील, आणि त्या दोन स्थानकांचे मोल त्यांची मुले सायंकाळी आईबापांची वाट पाहून चुकते करीत राहतील.