पंच, पानगृह व पुळण

(१) कागद

कॅरिबियन समुद्रांतील बेटांचें जलपर्यटन करून नुकत्याच परत आलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला एक कागद आणून दिला. कागद छापील, एकपृष्ठी. लांबी सुमारें एक वीत, रुंदी त्याच्या निम्मी. डावीकडील खालचा कोपरा गळालेला. खाऱ्या पाण्यांत भिजून वाळल्यामुळें शाई दोन ठिकाणीं फुटलेली. मजकूर म्हणजे समुद्रकांठच्या एका मद्यगृहांतील पेयांची यादी असून तळाशीं चार ओळींची टीप आहे. टीपेचा आशय असा कीं, ‘पंच’ हें पेय मूळचें हिंदुस्थानचें. त्यांत पांच द्रव्यें पडतात म्हणून त्यास तें नांव मिळालें. आणि या पुळणीवर पाहुण्यास लाभणारा विसावा हा त्या जुन्या पौर्वात्य पाहुणचाराचाच वारसा होय.

अशा कागदास दप्तरांत जागा नाहीं, हें मी जाणतों. परंतु टीपेंतील पहिलें विधान मीं स्वतः तीस वर्षें वर्गांत सांगत आलों, आणि कागद आणणारा हा त्या वर्गांतीलच एक. “सर, तुमचें म्हणणें तिकडेहि छापलें आहे,” असें तो आनंदानें म्हणाला. तेव्हां तें म्हणणें कोणत्या प्रमाणावर उभें आहे, हें तपासणें मला प्राप्त झालें. तपासतां दोन प्रश्न निघाले. पहिला, पेयाच्या नांवाचा. दुसरा, तें पेय विकणारें घर पुळणीवर कसें आलें याचा. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटूं लागला. कां, तें पुढें दिसेल.

(२) नांवाची परीक्षा

‘पंच म्हणजे पांच’ या मताचा मुख्य आधार डॉक्टर जॉन फ्रायर हा आहे. शिवकालाच्या अभ्यासकांस याची ओळख करून देणें नलगे. सन १६७३ मध्यें तो हिंदुस्थानांत आला, १६७५ मध्यें जुन्नरास जाऊन आला, आणि त्याचा प्रवासग्रंथ १६९८ मध्यें लंडनास छापून निघाला. गोव्याकडील नेरूळ येथें उत्तम अर्क निघतो, त्यापासून या किनाऱ्यावरील इंग्रज ‘पाँच’ नामक पेय करतात, आणि पांच द्रव्यांवरून त्यास हिंदुस्थानी भाषेंतील संख्येचें नांव आहे, असें तो सांगतो. साक्षीदार सुशिक्षित, वैद्यकी जाणणारा आणि प्रत्यक्ष पाहणारा. त्याच्या विधानास वजन आहे, यांत शंका नाहीं.

परंतु साक्षीदार उशिराचा आहे. इंग्रजांच्या पत्रव्यवहारांत हें नांव त्याच्यापूर्वीं चाळीस वर्षें, सन १६३२ मधील रॉबर्ट अ‍ॅडम्स याच्या पत्रांत, ओळखीच्या वस्तूचें नांव घ्यावें तितक्या सहजतेनें आलेलें आहे. १६३८ मध्यें सुरतेस उतरलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो ‘पालेपुंत्झ’ असें लिहितो. यांतील पूर्वपद कटोऱ्याच्या इंग्रजी नांवाचा अपभ्रंश दिसतो. त्यानें दिलेलीं द्रव्यें मात्र चारच: मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर. स्वतः फ्रायरहि चार द्रव्यांच्या प्रकाराचा उल्लेख करतो. तेव्हां पांच हा आंकडा या पेयाच्या घटनेंत स्थिर नव्हता.

दुसरा आक्षेप उच्चाराचा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत या नांवांतील इंग्रजी स्वर उकारासारखा उच्चारला जात असे. मांडेल्स्लोनेंहि तो आपल्या भाषेच्या रीतीनें उकारच लिहिला आहे. आतां संस्कृत ‘पञ्चन्’, हिंदुस्थानी ‘पाँच’, समासांतील ‘पंच’, आमचें मराठी ‘पांच’, यांपैकीं कोठेंहि उकार नाहीं. आमचा शब्द कानीं घेऊन लिहिणारा माणूस अकार किंवा आकार लिहील. आणि ज्यास व्युत्पत्ति ठाऊक होती त्या फ्रायरनें तसेंच लिहिलें आहे. अर्थात् त्याचें लेखन व्युत्पत्तीला अनुसरून झालेलें असणें संभवतें. उलट पक्षीं, लांकडी पिंपाच्या ‘पंचन’ या इंग्रजी नांवाचा हा संक्षेप असावा असें दुसरें एक मत आहे. परंतु तो संक्षेप होतांना दाखविणारा लेख कोणी पुढें केलेला नाहीं.

तिसरा पुरावा बार्बेडोस बेटांतील आहे. रिचर्ड लायगन हा इंग्रज १६४७ मध्यें तेथें गेला, सुमारें तीन वर्षें राहिला, आणि त्याचा त्या बेटाचा इतिहास १६५७ मध्यें प्रसिद्ध झाला. तेथील पेयांची गणना करतांना तो ‘पंच’ हेंहि नांव देतो. त्याची कृति काय? पाणी व साखर एकत्र करून सुमारें दहा दिवस आंबवावयाची. द्रव्यें दोन! लिंबू नाहीं, मसाला नाहीं, गुलाबपाणी नाहीं. आणि हें पेय कोणाच्या कामाचें म्हणून तो सांगतो? कष्टकऱ्यांच्या.

हा उल्लेख वाचीपर्यंत पंचामृताचा दृष्टान्त देऊन मी ही व्युत्पत्ति विद्यार्थ्यांच्या गळीं उतरवीत असें. दृष्टान्त गोड होता. पण दृष्टान्त म्हणजे प्रमाण नव्हे. पेयाचा हिंदुस्थानशीं संबंध १६३८ च्या सुरतेच्या साक्षीनें सिद्ध आहे; नांवाचा पांच या संख्येशीं संबंध सिद्ध नाहीं.

(३) वाऱ्याआडचा किनारा

आतां घराकडे वळूं. त्या बेटांवर वर्षाचा बहुतेक काळ व्यापारी वारे ईशान्येकडून व पूर्वेकडून वाहतात. त्यामुळें बेटाची पूर्वेकडील बाजू लाटांच्या माऱ्याखालीं असते, आणि पश्चिमेकडील बाजू बेटाच्याच आडोशानें शांत राहते. बार्बेडोसच्या पूर्व किनाऱ्यावर बॅथशीबा येथें अटलांटिक महासागर खडकांवर फुटतो; नैर्ऋत्येस कार्लाइल उपसागराचें पाणी बहुधा तळ्यासारखें असतें. आजचा प्रवासी पोहण्यास व विसाव्यास हाच आडोशाचा किनारा शोधतो. सतराव्या शतकांतील नाखवाहि नांगर टाकण्यास हाच शोधीत असे. कार्लाइल उपसागरावर ब्रिजटाउन वसलें तें यासाठींच.

इंग्रजांनीं बार्बेडोसांत वसाहत केली १६२७ मध्यें. पुढील वीस वर्षांत उंसाची लागवड पसरली. १६६१ मध्यें तेथें गुलामांचा कायदा झाला. आफ्रिकेंतून आणलेलीं माणसें याच शांत पाण्यावरून उतरविलीं जात, आणि साखरेचीं व रमचीं पिंपें याच पाण्यावरून चढविलीं जात. साखर काढल्यावर उरणारी मळी आंबवून व ऊर्ध्वपातन करून रम होते. म्हणजे रम हें साखरेच्या घाण्याचें उपफल, आणि घाणा गुलामांच्या खांद्यांवर चालणारा.

मद्यगृहें उघडलीं तीं या धक्क्यांच्या पाठीशीं, खलाशांसाठीं. १६५५ मध्यें इंग्रजांनीं जमेका घेतल्यावर तेथील पोर्ट रॉयल हें बंदर अशा घरांकरितां कुप्रसिद्ध झालें. ७ जून १६९२ च्या भूकंपांत त्या गांवाचा बराच भाग समुद्रांत गेला व सुमारें दोन हजार माणसें मेलीं; पाण्याखालून निघालेल्या बाटल्या व कथलाचीं भांडीं त्या जीवनाची साक्ष देतात. याच सुमारास आमच्याकडेहि ‘पंचगृह’ हा शब्द रूढ होता. मद्रासच्या किल्ल्यांतील १६७१-७२ च्या एका हुकुमानें अशा घरवाल्यांस पगाराच्या दिवशीं लोकांचें वेतन परस्पर अडकवून ठेवण्याची मनाई केलेली आढळते. तेव्हां पंचगृह म्हणजे विसाव्याचें ठिकाण खरें; पण विसावा उधारीचा, आणि उधारी वेतनावर.

ब्रिजटाउनांतील मद्यगृहें व उतारशाळा चालविणाऱ्यांत कांहीं स्वतंत्र झालेल्या कृष्णवर्णी व मिश्रवर्णी स्त्रिया होत्या. त्यांतील रेचल प्रिंगल पोलग्रीन ही सर्वांत प्रसिद्ध. ती १७९१ मध्यें वारली. जी स्वतः गुलामगिरींतून सुटली, तिच्याच मालमत्तेंत गुलाम होते. या गोष्टीनें तिचा दोष वाढतो कीं त्या व्यवस्थेचा, हें वाचकांनीं ठरवावें.

या सर्व काळांत पुळणीवर कोणी विसाव्यास जात असल्याचें सहसा दिसत नाहीं. पुळण ही होड्या ओढण्याची, जाळीं वाळविण्याची व माल उतरविण्याची जागा होती.

(४) नौकेवरील प्रवासी

पुळणीस विसाव्याची जागा केली ती पर्यटननौकांनीं. केवळ पर्यटनासाठीं म्हणून बांधलेली पहिली नौका जर्मनांची ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ ही मानतात. तिचें जलावतरण १९०० मध्यें झालें. आणि १६ डिसेंबर १९०६ रोजीं ती जमेकांत त्याच पोर्ट रॉयलजवळ खडकावर चढून नष्ट झाली. केळीं वाहणाऱ्या अमेरिकन बोटीहि उतारू नेऊं लागल्या. १९२० ते १९३३ पर्यंत अमेरिकेंत मद्यबंदी होती. तेव्हां हवाना व नासो येथें जाणाऱ्या बोटींस जे उतारू मिळाले, त्यांतील अनेकांस समुद्रापेक्षां पेल्याची ओढ अधिक होती. १९६६ मध्यें मायामीहून ‘सनवर्ड’ नौकेच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि आजचा मोठा व्यवसाय तेथून वाढला.

पुढील पायरी विचार करण्यासारखी आहे. १९७७ मध्यें बहामांतील ग्रेट स्टिरप के हें बेट एका नौका-कंपनीनें आपल्या उतारूंसाठीं घेतलें. १९८६ मध्यें हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरील लाबादी ही जागा दुसरीनें भाड्यानें घेतली. धक्का, पुळण आणि पानगृह हीं तिन्ही एकाच धन्याचीं झालीं. ज्या उत्तर हैतींत १७९१ मध्यें गुलामांचा उठाव झाला, तेथेंच कुंपणाआडची पुळण व्हावी, हा योग इतिहासाच्या वाचकास खटकल्यावांचून राहत नाहीं. जमेकांत १९५६ च्या किनारा-नियंत्रण कायद्यानें भरती-ओहोटीमधील भूमीचे हक्क सरकारांत निहित केले, आणि परवान्यांच्या द्वारें पुष्कळ पुळणी उतारशाळांकडे गेल्या. आपल्याच समुद्रांत उतरण्याचा हक्क मिळावा म्हणून तेथील लोक आज झगडत आहेत. बार्बेडोसांत पुळणी सर्वांस मोकळ्या मानल्या आहेत. तेव्हां शांत पुळण शोधणाऱ्यानें वारा कोठून येतो हें जसें पाहावें, तसेंच तेथील मूळचा माणूस त्या वाळूवर बसूं शकतो कीं नाहीं, हेंहि पाहावें.

(५) जॉस्ट व्हॅन डाइक

माझ्या हातचा कागद ब्रिटिश व्हर्जिन बेटांपैकीं जॉस्ट व्हॅन डाइक या बेटावरचा आहे. क्षेत्रफळ सुमारें आठ चौरस किलोमीटर; वस्ती थोड्या शेंकड्यांची. मोठी नौका टोर्टोला बेटाच्या रोड टाउन बंदरास लागते व तेथून लहान बोटीनें इकडे येतात. १९६८ मध्यें येथील एका रहिवाशानें एक पानगृह उघडलें. तें नांवारूपास आलें. दक्षिणेकडील व्हाइट बे ही पांढऱ्या वाळूची पुळण आडोशाची आहे. तेथील एका प्रसिद्ध पानगृहास धक्का नसल्यामुळें होडीवाले पोहत जात आणि भिजलेल्या नोटा देत. त्यावरूनच त्या घराचें नांव पडलें. माझा कागद भिजलेला कां, याचा उलगडा येथें होतो.

तेथील नांवाजलेल्या पेयांत रम, अननसाचा रस, संत्र्याचा रस, नारळाची गोड साय, आणि वर किसलेलें जायफळ असतें. मोजून पांच! जो आंकडा सुरतेस व बार्बेडोसांत सांपडत नाहीं, तो विसाव्या शतकांतील पुळणीवर अचूक सांपडतो. योगायोगास प्रमाण मानण्याचा मोह येथें किती प्रबळ होतो पाहा. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत कलिंगविजयानंतर योद्धे आपानभूमि रचून नारळाचें आसव पितात. तेवढ्यावरून त्या आपानभूमीचा वंश कॅरिबियन समुद्रांत नेऊन पोंचविणारेहि निघतील.

या बेटाला लागून असलेल्या लहान बेटावर १७४४ मध्यें जॉन कोकली लेट्सम याचा जन्म झाला. बाप मळेवाला, पंथ क्वेकर. बापाच्या मृत्यूनंतर १७६७ मध्यें परत येऊन त्यानें वारशानें आलेले गुलाम मुक्त केले. पुढें तो लंडनांत नामांकित वैद्य झाला, १७७३ मध्यें तेथील वैद्यक सभेची स्थापना त्यानें केली, आणि अतिमद्यपानाच्या परिणामांवर लिहिलें. त्याच्या प्रसिद्ध तापमापकाच्या कोष्टकांत पाणी व दूध शून्याच्या वर आहेत. पंच शून्याच्या खालीं आहे. माझ्या कागदावरील टीपेंत याचें नांव नाहीं.

(६) निष्कर्ष

येणेंप्रमाणें निष्कर्ष असे:

१. पंच हें पेय सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या बैठकींत होतें, हें निश्चित.

२. नांव ‘पांच’ या संख्येवरून आलें, हें फ्रायरचें मत आहे. सिद्ध गोष्ट नव्हे. द्रव्यांची संख्या व उच्चार हीं दोन्ही त्यास बाधक आहेत.

३. पुळणीवरील विसावा हा पौर्वात्य पाहुणचाराचा वारसा नव्हे. वाऱ्याआडचें जें शांत पाणी आज पोहणाऱ्यास सुखवितें, त्यानेंच गुलामांचीं व साखरेचीं जहाजें सांभाळलीं. वारसा सांगावयाचा तर तो त्या पाण्याचा सांगावा.

विद्यार्थ्यास मीं हें सर्व वाचून दाखविलें. तो थोडा खट्टू झाला. पुळण खरोखरच सुंदर होती, असें म्हणाला. ती सुंदर आहे, याविषयीं वाद नाहीं. तीस वर्षांत ज्यांना मीं पंचामृताचा दृष्टान्त दिला त्या सर्वांपर्यंत हा लेख पोंचणार नाहीं. तरी चुकीची दुरुस्ती जेथें नोंदली जाते तेथें ती नोंदून ठेवितों. कागद टिपणासह दप्तरांत ठेवावा, अशी विनंति आहे.