विंडोज ९८ की एक्सपी? बुलढाण्याच्या घरगुती संगणकावरील मराठीची कहाणी

पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी मराठी फाईल आजच्या संगणकावर उघडली की पडद्यावर बहुधा रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. फाईल खराब झालेली नसते. तिला वाचणारा फॉन्ट तेवढा हरवलेला असतो. तो कसा हरवला, याची गोष्ट २००१ नंतरच्या एका घरगुती प्रश्नाशी जोडलेली आहे : संगणकावर विंडोज ९८ च ठेवावी की एक्सपी घालावी?

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग लोकांच्या बोलण्यात कायम असतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालची गावे मुंबई-हावडा लोहमार्गावर. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, आणि तेथे आजही रेल्वे पोहोचलेली नाही. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने संगणक हा शब्द जिल्ह्याला नवा नव्हता. पण तो घरात येऊ लागला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. त्याला जोर दिला एमएस-सीआयटीने. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीची अट बनला आणि तालुक्याच्या गावीही वर्ग उघडले. वर्गात नवी एक्सपी, घरी जुनी ९८, अशा अवस्थेत विद्यार्थी सापडले.

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. विंडोज ९८ ला १६ एमबी रॅम पुरत असे. एक्सपीला किमान ६४ आणि सुखाने चालायचे तर १२८ एमबी हवी होती. म्हणजे प्रश्न केवळ सीडीचा नव्हता, रॅमच्या खर्चाचाही होता. शिवाय ९८ चा पाया डॉसचा आणि एक्सपीचा एनटीचा, त्यामुळे जुन्या प्रिंटरचे किंवा स्कॅनरचे ड्रायव्हर चालतीलच असे नव्हते. त्यात भारनियमन. एक्सपी बसताना पडद्यावर ‘३९ मिनिटे बाकी’ असा आकडा येई आणि तो प्रत्यक्षात बराच लांबे. यूपीएस नसलेल्या घरात तेवढा वेळ वीज टिकणे हा नशिबाचा भाग होता.

खरी मेख मात्र लिपीत होती.

विंडोज ९८ ला देवनागरीची अंगभूत जाण नव्हती. मराठी लिहायची तर श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी यांसारखे फॉन्ट वा सॉफ्टवेअर लागत. त्यांची युक्ती सरळ होती : रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवायचे. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राही. डोळ्यांना मात्र मराठी दिसे. कोणत्या जागी कोणता आकार, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये जाहीर झालेले होते, तरी फॉन्टच्या बाजारात ज्याचा त्याचा नकाशा चालू राहिला. एका फॉन्टमधली लग्नपत्रिका दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली की अक्षरांचा गोपाळकाला होई.

युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. विंडोज २००० पासून ही सोय मूळ प्रणालीत आली, सोबत ‘मंगल’ हा फॉन्टही आला. एक्सपीत ती होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मग संगणक मूळ सीडी मागे. ती चौकट गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्या या दोन्हींसाठी एकच होती. अमेरिकेतल्या त्या चौकटीत मराठी अरबी, हिब्रू आणि थाई यांच्या पंगतीला बसलेली होती! ही खूण न केल्यामुळे ‘एक्सपीत मराठी तुटके दिसते’ असा समज अनेकांनी करून घेतला.

हाताच्या सवयीचाही अडसर होता. टंकलेखन यंत्रावर आणि त्या धर्तीच्या कळफलकांवर ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये ‘क’ आधी, कारण तेथे दिसण्याचा नव्हे, उच्चाराचा क्रम जपला जातो. शब्दांची यादी अकारविल्हे लावायला हा क्रम फार सोयीचा. मात्र वर्षानुवर्षे टंकलेखन केलेल्या बोटांना तो उलटा वाटे. छापखान्यांची अडचण आणखी वेगळी. तेथे पेजमेकरचे राज्य होते आणि पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते. घरी मंगलमध्ये लिहिलेला मजकूर तेथे चिकटवला की प्रश्नचिन्हांची रांग उमटे. तेव्हा ९८ ला आणि जुन्या फॉन्टला चिकटून राहिलेल्यांना मागासलेले म्हणणे अन्यायाचे आहे. ज्याला पत्रिका किंवा पतसंस्थेचा अहवाल छापून हवा होता, त्याच्यासाठी जुनेच उपयोगी होते.

अखेर बहुतेकांनी बदल केला. ११ जुलै २००६ रोजी मायक्रोसॉफ्टने ९८ चा आधार थांबवला, नवे प्रिंटर तिला ओळखेनात, व्हायरसही वाढले. नुकसान झाले ते बदलामुळे नाही, बदलण्याच्या पद्धतीमुळे. जुन्या विंडोजवरच नवी चढवली असती तर फॉन्ट जागेवर राहिले असते. पण दुरुस्तीवाल्याचा आवडता उपाय होता ‘फॉरमॅट मारणे’. त्याआधी कागदपत्रे जपून डी ड्राइव्हवर हलवली जात आणि सी पुसला जाई. फॉन्ट राहत सी ड्राइव्हवरच, विंडोजच्या पोटातील ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये. कुळाची वंशावळ, गावाच्या यात्रेचा जमाखर्च, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अंक असा मजकूर डी वर सुखरूप राहिला आणि वाचता येईनासा झाला.

व्हिस्टापासून भारतीय लिप्यांची सोय आपोआप बसू लागली. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आता अकरावर जायचे की नाही हे प्रोसेसरची पिढी आणि टीपीएम चिप पाहून ठरते. मराठीचा त्यात प्रश्नच उरलेला नाही. पुसलेल्या फॉन्टचे नाव ठाऊक असेल, तर त्याच्या नकाशावर चालणाऱ्या परिवर्तकाने जुना मजकूर आजही युनिकोडमध्ये आणता येतो. ज्यांनी फॉरमॅटच्या दिवशी १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर आपल्या दोन-चार फॉन्टच्या फाईली उतरवून घेतल्या होत्या, त्यांना त्याचीही गरज पडली नाही.