कसब दिले, जागा कोण देणार?

‘निर्वासित’ हा शब्द आपल्याकडे १९४७ सालाबरोबर रूढ झाला. फाळणी झाली, माणसे घरेदारे सोडून आली, सरकारने छावण्या उघडल्या, पुनर्वसनाचे खाते काढले, आणि उखडलेल्या माणसाला पुन्हा उभे करणे हे राष्ट्राचे कर्तव्य आहे असा विचार या देशात प्रथमच सरकारी पातळीवर मान्य झाला. ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. परंतु उखडलेली माणसे या देशात त्याआधीही होती. त्यांना निर्वासित म्हणावे असे कोणाला वाटले नाही, एवढेच. गावकुसाबाहेरच्या माणसाचे मूळ गावाने कधी आपल्या मातीत रुजूच दिले नव्हते. मग तो उखडला गेला हे गावाच्या लक्षात तरी कसे यावे?

पुनर्वसनासाठी प्रशिक्षण, कार्यशाळा, उद्योगशाळा हा मार्ग नेहमी सुचवला जातो. आलेल्या माणसाला हातात कसब द्या, म्हणजे तो नव्या समाजात मिसळून जाईल, असे त्यामागचे गृहीत असते. हे गृहीत तपासून पाहायचे असेल तर अहमदनगर जिल्ह्याइतका (२०२४ पासून अहिल्यानगर) उपयोगी जिल्हा दुसरा क्वचितच सापडेल. सव्वाशे वर्षांचा अनुभव येथे जमा आहे.

१८९९ साली पाऊस गेला. १८९६-९७ च्या दुष्काळातून जिल्हा अजून सावरला नव्हता. महार-मांगांचे जगणे बलुत्यावर आणि येसकरपाळीच्या भाकरीवर चाललेले. शेतकऱ्याच्याच खळ्यात दाणा नाही, तेव्हा बलुते कुठले? गावगाड्यात ज्याचा हक्क शेवटचा, त्याची उपासमार पहिली, हा दुष्काळाचा नियमच आहे. माणसे खडी फोडायला सरकारी कामांवर गेली. तेथे कित्येक मेली आणि मुले मागे राहिली. नगरमध्ये १८३१ पासून ठाण मांडून असलेल्या अमेरिकन मराठी मिशनने ही मुले गोळा केली. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या पत्राने जमवलेला मका १९०० साली ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मुंबईला आला. या मदतीच्या वाटपात नगरचे रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम अग्रभागी होते. मिशनच्या निरनिराळ्या ठाण्यांवर हजारो अनाथ मुले सांभाळली गेली आणि त्यांत महार-मांगांची मुले मोठ्या संख्येने होती.

या मुलांना नुसते जगवून भागणार नव्हते. गावी परत पाठवायचे तर कोणाकडे? मिशनने त्यांना औद्योगिक शाळांत घातले. या शाळांना सर दिनशा माणेकजी पेटीट या मुंबईच्या पारशी गिरणीमालकाच्या देणगीचा आधार होता. सुतारकाम, धातूकाम, विणकाम मुलांना शिकवले जाऊ लागले. मुली शिवणकाम शिकू लागल्या. डी. सी. चर्चिल हा अमेरिकन अभियंता विसाव्या शतकाच्या आरंभी नगरला आला आणि त्याने जलद चालणारा सुधारित हातमाग तयार केला. त्या काळी हातमागाच्या सुधारणेविषयी जी चर्चा देशभर चालली होती, तिच्यात नगरच्या या मागाचे नाव घेतले जात असे.

या घटनेचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. महाराच्या पोराने रंधा हातात धरणे ही साधी गोष्ट नव्हती. गावात सुतारकी सुताराची, माग साळ्या-कोष्ट्यांचा. महाराच्या वाट्याला मेलेले ढोर ओढणे, सरकारी टपाल पोचवणे, वेशीवर पहारा देणे आणि हाक येईल तेव्हा धावणे एवढेच. जातीने कामे वाटून दिली होती आणि त्या वाटणीलाच धर्म म्हटले होते. नगरच्या कार्यशाळेत हा धर्म प्रथम मोडला. जन्माने न नेमलेले काम माणूस शिकू शकतो, हे तेथे रोज सिद्ध होत होते. या मुलांना ‘पोटासाठी बाटले’ म्हणून हिणवणारे पुष्कळ निघाले. हिणवणाऱ्यांनी मात्र आपल्या जातीचा एकही माग त्यांच्यासाठी मोकळा केला नाही. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे नाकारण्याचे कारण नाही. पण मुलाच्या हाताला काम शिकवताना त्याची जात आडवी आली नाही, हेही नाकारता येणार नाही.

पण पुढे काय झाले? विणायला शिकलेल्या माणसाचे स्वाभाविक ठिकाण म्हणजे मुंबईच्या गिरण्या. नगर, सातारा, कोकण येथून दलित माणसे गिरण्यांत गेलीही. तेथे जास्त मजुरीचे खाते विणकामाचे, म्हणजे साचेखाते. त्या खात्याचा दरवाजा अस्पृश्यांना बंद होता. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा, हा स्पृश्य कामगारांचा सवाल! यंत्र विलायती, कापूस बाजाराचा, मालक नफ्याचा. पण धोट्यावर पहारा मनूचा. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि संपाच्या मागण्यांत याचाही समावेश करायला लावला. कामगारांची एकजूट जेथे धोट्याशी अडते, तेथे ती एकजूट कुणाची, असा त्यामागचा रोकडा सवाल होता.

येथे आपल्या विषयाचे पहिले सूत्र हाती लागते. कसब हातात असणे वेगळे आणि त्या कसबाला जागा मिळणे वेगळे. पहिली गोष्ट कार्यशाळा देऊ शकते. दुसरी समाजाने द्यायची असते, आणि समाज ती आपण होऊन देत नाही.

दुसरे सूत्र याच जिल्ह्यातल्या हरेगावने दिले. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याने नाव मिळवलेल्या या गावी डिसेंबर १९३९ मध्ये महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तीत बोलले. वतनी जमिनीवरचा जुडीचा वाढीव बोजा हा तात्कालिक प्रश्न होता. मूळ प्रश्न वतनाचाच होता. १८७४ च्या वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक त्यांनी १९२८ मध्येच मुंबई कायदे कौन्सिलात मांडले होते. जमिनीच्या तुकड्याच्या मोबदल्यात सबंध घराण्याने गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी करायची, हे वतनाचे स्वरूप. वतन म्हणजे गावात हक्काची जागा, असे पुष्कळांना वाटे. प्रत्यक्षात ती दावण होती. ती कायद्याने तुटायला १९५८ चा कायदा यावा लागला. दलिताची कोंडी अशी दुहेरी आहे. माणूस म्हणून त्याला गावात राहू देत नाहीत आणि चाकर म्हणून त्याला गावातून जाऊ देत नाहीत.

ही दुहेरी कोंडी १९४७ साली साऱ्या उपखंडाच्या पातळीवर दिसली. महाराष्ट्रात निर्वासितांची वस्ती उभी राहिली ती प्रामुख्याने सिंधमधून आलेल्यांची. कल्याणच्या लष्करी छावणीतून १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. कोल्हापूरजवळ वळीवड्याला दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित पाच वर्षे राहिले होते. त्यांच्या स्वतःच्या भाषेतल्या शाळा, दवाखाना, चर्च, नाट्यगृह तेथे होते. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधी कुटुंबे आली आणि आज ते गांधीनगर कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. उत्तरेत कर्नाल जिल्ह्यात नीलोखेडी येथे एस. के. डे यांनी १९४८ मध्ये कुरुक्षेत्र छावणीतल्या निर्वासितांना घेऊन निरनिराळे उद्योग शिकवणारी वसाहतच उभी केली. हे सर्व प्रयत्न यशस्वी झाले, कारण त्यांत प्रशिक्षणाबरोबर घर, भांडवल आणि बाजार हेही होते. शिवाय आलेला माणूस आपलाच आहे, ही भावना होती.

पण ही भावना सर्वांच्या वाट्याला आली का? डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तानात अनुसूचित जातींच्या लोकांना अडकवून ठेवले जात आहे, कारण साफसफाईची कामे अत्यावश्यक सेवा ठरवली आहेत, ही त्यांची एक तक्रार होती. दुसरी तक्रार भारतातल्या छावण्यांविषयी होती. तेथील अधिकारी सवर्ण आणि अस्पृश्य निर्वासितांत भेद करतात, म्हणून आमची माणसे छावणीत राहू शकत नाहीत. आणि जो छावणीत राहत नाही त्याला शिधा, कपडा मिळत नाही, असा नियम! पाकिस्तानला तो भंगी म्हणून हवा होता, आणि भारतात आल्यावर तो निर्वासित म्हणून मोजला जात नव्हता. वतनाने नगरच्या महाराला जे केले, तेच अत्यावश्यक सेवेच्या हुकुमाने सिंध-पंजाबच्या मेहतराला केले. देश दोन झाले. त्याला बांधून ठेवणारे दावे दोन्हीकडे एकच राहिले.

हीच कथा पूर्व बंगालच्या नमःशूद्रांची. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. नदी-खाड्यांच्या चिखलात भात पिकवणाऱ्या माणसांना खडकाळ माळावर आणून बसवले. शेतीचे उत्तम ज्ञान ज्याच्या अंगी होते, तोच तेथे अडाणी ठरला. त्यांच्यातले काही परत फिरून सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर गेले, तेव्हा १९७९ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि बेट रिकामे करण्यात आले. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही यांच्यातली पुष्कळ कुटुंबे वसवली गेली. आता त्यांची नातवंडे मराठी बोलतात. पण महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत नमःशूद्र नाही. जात त्यांच्याबरोबर सीमा ओलांडून आली, सवलत मात्र सीमेपलीकडेच राहिली.

आता पुन्हा नगरला यावे. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर गेली. स्वराज्य आले होते, योजना आल्या होत्या, वतन गेले होते. पण भुकेल्या माणसाच्या हातात सरकारने दिली ती १९०० सालचीच खडी आणि हातोडी. त्याच जिल्ह्यात १९५० मध्ये प्रवरेच्या काठी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा गौरव करायलाच हवा. परंतु त्या उसाला लागणारा कोयता पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू रानातून आणि शेजारच्या बीडमधून येतो. मुकादमाची उचल घेतलेली वंजारी, मातंग, बौद्ध, भटकी-विमुक्त कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसाचे नावच हत्यारात विरून जाते. तळावरच्या कोपीत शाळा नाही म्हणून साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहे निघाली. हे प्रयत्न मोलाचे आहेत. पण हे ऊसतोड्ये आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच राज्यात, दरवर्षी सहा महिने परके होतात, आणि त्यांना परके करणारी उचल तशीच राहते.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगावेसे वाटते की प्रशिक्षणाला नाके मुरडू नका. दुष्काळातल्या पोराच्या हातात माग देणे ही क्रांतीची सुरुवात होती. पण जेव्हा कुणी विस्थापितांसाठी कार्यशाळा काढील, तेव्हा त्याला तीन प्रश्न जरूर विचारा. माणसाला शिकवताय ते काम त्याने निवडलेले आहे, की त्याच्या जातीचेच जुने काम नव्या नावाने देताय? शिकून झाल्यावर त्याच्यासाठी साचेखात्याचा दरवाजा कोण उघडणार? आणि त्याच्या पायाखाली जमीन कुणाच्या नावावर आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिक्षक देऊ शकेल. उरलेली दोन उत्तरे संघटनेलाच मिळवावी लागतील. १९२८ साली धोट्याचा प्रश्न कार्यशाळेत नव्हे, संपाच्या मागण्यांत मांडावा लागला होता, याचा विसर पडू नये.