आंधळें उड्डाण

धुक्यांत शिरलेल्या वैमानिकास त्याचें शरीरच फसवितें. क्षितिज दिसेनासें झालें कीं कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय वळणाऱ्या विमानास सरळ जाणारें समजतें. अशा वेळीं भिस्त राहते ती यंत्रांच्या कांट्यांवर व रेडिओवर.

ता. २४ सप्टेंबर १९२९ रोजीं न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्डवर जेम्स डूलिटल यांनीं चोहोंकडून झांकलेल्या बैठकींतून विमान उडविलें आणि १५ मिनिटांनीं सुखरूप उतरविलें. समोर कृत्रिम क्षितिज व उंचीमापक. वाट दाखविण्यास जमिनीवरून येणाऱ्या रेडिओलहरी. पुढील बैठकींत बेंजामिन केल्से केवळ संकटापुरते बसले होते.

अमेरिकेच्या हवाई मार्गांवर त्या काळीं रेडिओमनोरे उभे राहत होते. मार्गाच्या एका अंगास टिंब-रेघ, दुसऱ्या अंगास रेघ-टिंब. दोन्ही मिसळून अखंड सूर लागला कीं वाट बरोबर. युक्ति सोपी, अभ्यास अवघड. १९३४ च्या फेब्रुवारींत हवाई टपालाचें काम एकाएकीं सैनिकी वैमानिकांवर पडलें. पुष्कळांस या विद्येचा सराव नव्हता. त्यांत कडाक्याचा हिवाळा. कांहीं महिन्यांत दहांहून अधिक जण प्राणांस मुकले.

त्याच वर्षीं सैन्यानें एडविन लिंक यांचीं सहा शिक्षणयंत्रें घेतलीं. वडिलांच्या वाद्यांच्या कारखान्यांत शिकलेल्या लिंक यांनीं भात्यांवर डुलणारें हें खोटें विमान रचलें होतें. बंद पेटींत, कानाला हेडफोन लावून शिष्यानें सूर धरावा, चुकावा, पुन्हां धरावा. पुढें तर त्याची चूक नकाशावर शाईनें उमटूं लागली.

ते मनोरे आतां इतिहासजमा झाले, धडा राहिला. इंद्रियांवर विश्वास टाकण्यास शिकावें लागत नाहीं. तो आवरण्यास मात्र गुरु लागतो, आणि चुकण्यास निर्धोक जागा.