पणजोबांची पलटण शोधताना



"आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले, ते परत आलेच नाहीत." घर साताऱ्याचं असो की इंदूर-बडोद्याचं, अनेक कुटुंबांची माहिती या एका वाक्यावर संपते. ती पुढे न्यायला आज पैसे लागत नाहीत. चिकाटी मात्र लागते.

सुरुवात घरातल्या पेटीपासून करा. पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहा. तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासून चमकवू नका, अक्षरं झिजतात.

पलटणीचा नंबर नीट टिपून घ्या. १९२२ साली नंबर बदलले. १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण झाली, ११० वी तिसरी आणि ११७ वी पाचवी. या तिन्ही पलटणी कुतच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडलं आणि त्यांचे जवान तुर्कांच्या कैदेत गेले.

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनची साइट उघडा. शोध मोफत आहे. पहिल्या युद्धासाठी ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी सप्टेंबर १९३९ ते डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू इथे मिळतात. अनेक नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो.

सरावासाठी माणगावचे व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नाईक यशवंत घाडगे यांना शोधा. ते १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. इंग्रजी कागदांत त्यांचं नाव 'येशवंत' असं लिहिलेलं आहे. साहेबाच्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं! म्हणून जाधव, पवार, चव्हाण ही आडनावं चार-पाच स्पेलिंगांनी शोधा. कधी आडनाव मुळात नसतंच. नावासारखी नावं पुष्कळ सापडतील. पलटण, गाव आणि वडिलांचं नाव जुळल्याशिवाय "हेच आमचे" म्हणू नका.

यानंतर पलटणीची युद्ध-डायरी पाहा. मूळ डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. रोजची कूच, हवामान, जखमी, मृत असं सगळं त्यांत असतं. शिपायाचं नाव बहुधा नसतं, पण त्याचा तो दिवस कसा गेला ते कळतं. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टलही चाळा.

जे जिवंत परतले त्यांचा माग काढणं अवघड असतं. त्यांच्यासाठी डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे कागद आणि गावातला स्मृतिस्तंभ हेच आधार.

ही मेहनत कशासाठी? १९२९ साली उघडलेल्या बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक जणांची स्मृती आहे. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांचा पलटणीगणिक फक्त आकडा लिहिला गेला. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे बोचतं. दगडावर जे नाव आलं नाही, ते निदान घरच्या वंशावळीत तरी लिहा. पलटण, तारीख आणि ठिकाणासह लिहा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत.

जय हिंद!