परळमधील कपडे वाळवण्याची व्यवस्था : वलणीपासून उष्णता पंपाच्या यंत्रापर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

उष्णता पंपावर चालणारी कपडे धुण्या-वाळवण्याची यंत्रे विजेची बचत करतात, असा त्यांचा लौकिक आहे. हा लौकिक ज्या देशांत निर्माण झाला, तेथे त्यांची तुलना अधिक वीज खाणाऱ्या जुन्या यंत्रांशी होते. परळसारख्या गिरणगावाच्या वस्तीत मात्र त्यांची तुलना चाळीतील दोरीशी व उन्हाशी करावी लागते. प्रस्तुत शोधनिबंधात परळ व लगतच्या परिसरातील कपडे वाळवण्याच्या व्यवस्थेचा इतिहास मांडून त्याच्या प्रकाशात या यंत्रांच्या लाभ-हानीचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : परळ, गिरणगाव, चाळ, धोबीघाट, उष्णता पंप, ऊर्जाबचत.

१. प्रस्तावना

मुंबईच्या कामगार वस्तीचा इतिहास लिहिताना गिरणी, संप, संघटना आणि चाळ यांची दखल घेतली जाते. चाळीतील दैनंदिन श्रमांची दखल त्या मानाने कमी घेतली गेली. पाणी भरणे, कपडे धुणे, ते पिळणे आणि वाळत घालणे ही कामे घराच्या हिशोबात कधी धरली गेली नाहीत. कारण ती बहुतांशी स्त्रियांनी केली आणि त्यांचे वेतन कोणी दिले नाही. वाळवण्याच्या कामाला तर ऊर्जाही फुकट मिळत होती. ऊन आणि वारा यांचे बिल येत नाही. म्हणूनच या कामाला लागणारी खरी किंमत, म्हणजे जागा, नजरेआड राहिली.

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) परळ परिसरातील कपडे धुण्या-वाळवण्याच्या व्यवस्थेतील स्थित्यंतरे पाहणे.
२) उष्णता पंपाच्या यंत्राचे कार्यतत्त्व, लाभ व मर्यादा समजून घेणे.
३) परळच्या हवामानाच्या व गृहरचनेच्या संदर्भात या यंत्रांची उपयुक्तता तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. पाणी, गिरणी आणि धोबीघाट

मुंबईला नळाचे पाणी प्रथम १८६० मध्ये विहार तलावातून मिळाले. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाची भर पडली. याच काळात गिरण्यांची संख्या वाढत होती. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतरच्या काही दशकांत परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी हा सारा पट्टा गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांनी येथे बिऱ्हाडे केली.

परळपासून जवळच, महालक्ष्मी स्थानकालगत, १८९० मध्ये धोबीघाट उभा राहिला. सातशेहून अधिक धुण्याचे दगड, पाण्याचे हौद आणि वरती दोऱ्यांचे दाट जाळे अशी त्याची रचना. धुण्याला जितकी जागा लागते, त्याहून कितीतरी अधिक जागा वाळवण्याला लागते, हे या घाटाकडे पुलावरून पाहताच कळते. २०११ मध्ये एकाच ठिकाणी एकाच वेळी ४९६ व्यक्तींनी हाताने कपडे धुतल्याबद्दल या घाटाची गिनीज विक्रमात नोंद झाली. आज तेथे हाताच्या धुलाईबरोबरच धुण्याची व वाळवण्याची यंत्रेही दिसतात. हा घाट शहरातील रुग्णालये, उपाहारगृहे व सुखवस्तू घरांचे कपडे धुण्यासाठी होता. गिरणी कामगाराचे कपडे मात्र त्याच्या घरच्या मोरीत किंवा सार्वजनिक नळावरच धुतले जात.

गिरणीच्या आत दमटपणाचा प्रश्न नेमका उलटा होता. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवली जाई. सायझिंग खात्यात मात्र खळ दिलेले सूत वाफेने तापवलेल्या मोठ्या रुळांवरून नेऊन सुकवले जाई. या अर्थाने परळमधील सर्वांत जुनी वाळवण-यंत्रे घरात नव्हे, तर गिरणीत होती. दिवसभर दमट हवेत उभा राहिलेला कामगार घामाने भिजलेले कपडे घेऊन ज्या खोलीत परते, तेथे ते वाळवायला जेमतेम एक दोरी असे.

३. चाळीतील वलणी

खाजगी मालकांनी बांधलेल्या चाळींना बहुधा लांब गॅलरी असे. ही गॅलरी म्हणजे रस्ता, बैठक, मुलांचे अंगण आणि वाळवणाची जागा. उन्हाळ्यात पापड-कुरडया आणि वर्षभर कपडे, दोन्हींचे वाळवण येथेच होई. आपल्या दारासमोरच्या दोरीवर कोणाचा हक्क, हा शेजाऱ्यांमधील भांडणाचा आणि समजुतीचाही विषय असे.

सरकारी चाळींची रचना वेगळी होती. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची स्थापना झाली. या खात्याने नायगाव, ना. म. जोशी मार्ग (तेव्हाचा डिलाईल रोड), वरळी आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या असल्यामुळे येथे खोलीसमोर मोकळी गॅलरी नव्हती. साहजिकच कपडे खिडकीबाहेर काठ्या व दोऱ्या बांधून वाळवले जाऊ लागले. रस्त्यावरून दिसणारी ही कपड्यांची रांग पुढे बी.डी.डी. चाळींची ओळखच बनली.

पावसाळ्याचे चार महिने हा या व्यवस्थेचा कसोटीचा काळ. मुंबईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात पडतो. जुलैमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत पाणी सहजासहजी उडत नाही. छताजवळ आडव्या दांड्या बांधायच्या, काठीने त्यांवर कपडे टाकायचे आणि खाली माणसांनी झोपायचे, हा चाळीतील रिवाज त्यातूनच आला. कपड्यांना कुबट वास येई, भिंतींना बुरशी धरे, आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास होई. उन्हाचे फुकटपण असे केवळ आठ महिन्यांचे होते.

४. वीज आली, पण कोणासाठी?

खोपोली येथील टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरात साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. ज्या पावसाने चाळीतले कपडे वाळू दिले नाहीत, त्याच पावसाने गिरणीचे साचे चालवले, असे म्हणता येईल. घरगुती विजेचा पुरवठा करणारी बेस्ट कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली व ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेच्या ताब्यात आली. परळचा परिसर बेस्टच्याच वीजक्षेत्रात येतो. तथापि चाळीच्या खोलीत वीज आली ती दिव्यापुरती आणि पंख्यापुरती. धुलाईयंत्र ठेवायला मोरीत जागा नव्हती आणि जुन्या वायरिंगवर मोठा भार टाकणे धोक्याचे होते.

५. उष्णता पंपाचे तत्त्व

उष्णता थंड ठिकाणाहून उष्ण ठिकाणी नेता येते, मात्र त्यासाठी काम करावे लागते. या तत्त्वावर इमारती उबदार किंवा थंड करता येतील, हा विचार विल्यम थॉमसन, अर्थात लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये मांडला. घरातील फ्रीज याच तत्त्वावर चालतो. विजेच्या तारेने हवा तापवणारी वाळवण-यंत्रे अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. उष्णता पंपावरील घरगुती यंत्रे मात्र युरोपात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली.

जुन्या यंत्रात हवा तापवली जाते, ती कपड्यांतून फिरते आणि ओलावा घेऊन बाहेर सोडली जाते. तिच्याबरोबर उष्णताही जाते. उष्णता पंपाच्या यंत्रात तीच हवा बंद मार्गाने फिरत राहते. ओली हवा थंड नळ्यांवरून जाताना तिच्यातील वाफेचे पाणी होते आणि वाफेत दडलेली उष्णता शीतद्रव्य शोषून घेते. दाबयंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, ती उष्णता वरच्या तापमानाला नेते व त्याच हवेला पुन्हा देते.

आकड्यांत पाहिल्यास फरक स्पष्ट होतो. सात किलो सुती कपड्यांत यंत्राने पिळल्यानंतरही सुमारे चार लिटर पाणी उरते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते. म्हणजे चार लिटरांना २.७ युनिट. साधे यंत्र यासाठी सुमारे चार युनिट वीज घेते. उष्णता पंपाचे यंत्र उष्णता पुन:पुन्हा वापरत असल्याने ते साधारण दोन युनिटांत भागवते.

६. लाभ आणि मर्यादा

लाभांमध्ये वीजबचत प्रथम येते. स्वित्झर्लंडने २०१२ पासून कार्यक्षमतेची अट इतकी कडक केली की बाजारात प्रायः उष्णता पंपाचीच वाळवण-यंत्रे उरली. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमांचा परिणामही तोच आहे. दुसरा लाभ विशेषतः परळच्या दृष्टीने महत्त्वाचा. हवा बंद मार्गाने फिरत असल्यामुळे बाहेरच्या आर्द्रतेचा यंत्रावर फारसा परिणाम होत नाही आणि भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढावी लागत नाही. तिसरा लाभ असा, की साधे यंत्र दोन ते तीन हजार वॅटचा भार टाकते. उष्णता पंपाचे यंत्र बहुधा एक हजार वॅटच्या आत चालते. कमी तापमानामुळे कापडाची झीजही कमी होते.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. किंमत जास्त आहे. कपडे वाळायला वेळ अधिक लागतो. सुताचे बारीक तंतू आतील नळ्यांवर साचले, तर कार्यक्षमता घटते. म्हणून जाळी नियमित साफ करावी लागते. दुरुस्तीसाठी फ्रीजचे काम जाणणारा कारागीर लागतो. शीतद्रव्याचाही प्रश्न आहे. पूर्वीच्या यंत्रांतील आर-१३४ए हा वायू वातावरणात गेल्यास त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो. आता वापरात आलेल्या प्रोपेनमुळे तो दोष जातो, मात्र प्रोपेन ज्वालाग्राही असल्याने त्याचे प्रमाण अल्प ठेवावे लागते.

परळला रुग्णालयांचे केंद्र म्हणूनही ओळख आहे. के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये, तर टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. रुग्णालयातील कपड्यांच्या निर्जंतुकीकरणासाठी धुण्याच्या पाण्याचे तापमान ७१ अंश सेल्सिअस किमान तीन मिनिटे राखावे, असा ब्रिटनमधील आरोग्यसेवेचा प्रचलित निकष आहे. घरगुती उष्णता पंपाचे यंत्र साधारण ५० ते ६० अंशांवर काम करते. त्यामुळे रुग्णालयात हे यंत्र निर्जंतुकीकरणाची जागा घेऊ शकत नाही. मात्र धुताना निर्जंतुकीकरण झालेले असेल, तर वाळवण्याचा खर्च ते निश्चित कमी करू शकते. रोज मोठ्या प्रमाणावर कपडे सुकवणाऱ्या धुलाईगृहांत तुलना आधीच्या यंत्राशी असल्यामुळे तेथील बचत खरी बचत ठरते.

घरगुती वापरात हिशोब बदलतो. भारतातील वीजजाळ्यात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. साध्या यंत्राची एक खेप २.८ किलो, उष्णता पंपाची १.४ किलो आणि दोरीवरची शून्य. जे कुटुंब काल दोरीवर कपडे वाळवत होते, त्याच्या घरी अत्यंत कार्यक्षम यंत्र आले तरी विजेचा वापर वाढतोच. निम्मी बचत हा शब्दप्रयोग तेथे लागू पडत नाही.

७. जागेचा प्रश्न

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात विभागण्याचे सूत्र मांडले. २००१ च्या दुरुस्तीने ते सूत्र गिरणीतील मोकळ्या जागेपुरतेच उरले आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरवली. शहराच्या वाट्याला येऊ शकणारी मोकळी जागा त्यामुळे मोठ्या प्रमाणात घटली. त्या जागी मॉल, कार्यालये आणि उंच इमारती आल्या. बंद काचांच्या घरांत कपडे बाहेर वाळत घालणे इमारतीच्या शोभेला बाधक मानले जाऊ लागले.

बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकासही आता प्रत्यक्षात येत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना नव्या घरांचा ताबा मिळाला. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे, स्वतंत्र शौचालय असलेले घर ही पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहून मिळालेली गोष्ट आहे, तिचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु उंच मजल्यावर खिडकीबाहेर काठी बांधणे धोक्याचे असते. वाळवण्याला पुरेशी हवेशीर जागा आराखड्यातच ठेवली नसेल, तर ते काम आपोआप विजेवर जाते आणि वापराच्या टप्प्यागणिक वाढणाऱ्या दराने त्याचे बिल रहिवाशाला भरावे लागते. वास्तुरचनेतील उणीव अशा रीतीने घरखर्चात उतरते.

८. निष्कर्ष

१) परळमध्ये कपडे वाळवण्याची पद्धत प्रत्येक काळात उपलब्ध जागेने ठरवली, यंत्राचा प्रवेश जागा आकसल्यानंतर झाला.

२) उष्णता पंपाचे यंत्र साध्या वाळवण-यंत्राच्या तुलनेत सुमारे निम्मी वीज घेते. धुलाईगृहे, उपाहारगृहे व वसतिगृहे येथे त्याचा लाभ निर्विवाद आहे.

३) चाळीतून नव्या घरात गेलेल्या कुटुंबाला हे यंत्र पावसाळ्यातील चार महिने उपयोगी पडू शकते. वर्षभराचा वापर मात्र ऊर्जाबचत म्हणता येणार नाही. इमारतीत सामायिक यंत्र ठेवल्यास किंमत व देखभाल वाटून घेता येईल. चाळीतील सामायिक नळाची सवय असलेल्या समाजाला ही कल्पना परकी नाही.

४) यंत्रात कपडे जोरात पिळून पाणी काढणे हे उष्णतेने पाणी उडवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. त्यामुळे चांगले पिळणारे धुलाईयंत्र आणि हवेशीर वलणी यांचा संयोग आजही सर्वांत कमी खर्चाचा आहे.

५) पुनर्विकासाच्या आराखड्यांत प्रत्येक घरासाठी किंवा गच्चीवर सामायिक अशी सुरक्षित वाळवणाची जागा बंधनकारक करणे आवश्यक आहे. घरातील स्त्रीचे श्रम, रुग्णाचे आरोग्य आणि महिन्याचे वीजबिल या तिन्हींचा संबंध त्या चार हात दोरीशी आहे.