पाटी, संगणक आणि खोलीची किल्ली



सोलापूर जिल्ह्यांतील वळसंग या माझ्या गांवीं मीं पहिलीं अक्षरें गिरविलीं, तीं दगडी पाटीवर. त्याही पूर्वीं, पंतोजींच्या शाळेंत, धूळपाटी असे. फळीवर धूळ पसरावयाची आणि काडीनें अक्षर उमटवावयाचें. दोन्ही साधनांवर झालेली चूक पुसून टाकतां येई. शिवाय दगडी पाटी रोज मुलाबरोबर घरीं जाई. आज ज्या यंत्राविषयीं बोलावयाचें आहे, तें या पाटीच्याच वंशांतलें आहे.

अमेरिकेंतील प्राध्यापक निकोलस नेग्रोपाँटे यांनीं २००५ सालीं एक कल्पना जगापुढें मांडली. जगांतील प्रत्येक मुलास स्वतःचा संगणक मिळावा आणि त्याची किंमत १०० डॉलर असावी, अशी ती कल्पना होती. आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानें २००६ सालीं ती नाकारली. असल्या साधनांपेक्षां वर्गखोल्या व शिक्षक यांची निकड अधिक आहे, असें मंत्रालयाचें म्हणणें होतें. आणि तें उडवून लावण्यासारखें खचित नव्हतें.

तरीही २००७ सालीं तो संगणक रायगड जिल्ह्यांतील खैराट-धनगरवाडा या वाडीवर येऊन पोंचला. तेथील शाळेंत खोली एक, शिक्षक एक, आणि पहिली ते चौथीचीं मिळून अवघीं २२ मुलें. या योजनेचा भारतांतील पहिला प्रयोग तो हाच.

यंत्र मोठें नामी होतें. रंग हिरवा-पांढरा, वजन सुमारें दीड किलो आणि हातांत धरून नेण्यासाठीं मूठ. सशासारखे दोन कान उभे केले, कीं जवळच्या दुसऱ्या यंत्राशीं त्याचा बिनतारी संबंध जुळे. कळफलक रबरी असल्यामुळें धुळीपाण्याचें भय थोडें. पडदा भर उन्हांतही वाचतां येई. ज्यांची शाळा झाडाखालीं भरते, त्या मुलांचा विचार करणारा कोणी तरी भेटला, असें मला हें वाचून वाटलें. किंमत मात्र १०० डॉलरांवर राहिली नाहीं. उत्पादन सुरू होतांना ती १८८ डॉलरांवर गेली होती.

प्रथमदर्शनीं कोणीही भाळावें असेंच हें यंत्र. पण प्रथमदर्शन म्हणजे परीक्षा नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें अशीं आठ लक्षांहून अधिक यंत्रें घेतलीं. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. यंत्र मिळालेल्या मुलांची गणितांत किंवा भाषेंत विशेष प्रगती आढळली नाहीं. सर्वसाधारण विचारशक्तीच्या कसोट्यांत थोडी वाढ दिसली, इतकेंच.

मग ही सारी खटपट व्यर्थच गेली काय? तसें म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं. मी नोकरीस असतांना एका शाळेंत चार संगणक आले. मुलें ते मोडतील या भीतीनें मीं खोलीला कुलूप लावलें. किल्ली माझ्या खिशांत असे आणि तपासणीच्या दिवशीं तेवढें दार उघडे. एक मुलगी मधल्या सुटींत खिडकीच्या गजांतून आंत पाहत उभी राही. "गुरुजी, आंत केव्हां बसावयाचें?" असें तिनें एकदां विचारलें. मीं "पुढच्या वर्षीं" म्हणून सांगितलें. पुढच्या वर्षीं ती शाळा सोडून गेली. संगणक मोडले नाहींत. कुलपांतच जुने होऊन गेले.

खैराटच्या यंत्राची थोरवी एवढीच, कीं तें मुलाच्या हातीं देण्यासाठीं घडविलें होतें. यंत्र दिलें म्हणजे मूल आपोआप शिकेल, हा भरंवसा मात्र पेरूंत खरा ठरला नाहीं. आमची दगडी पाटी आमच्याच हातांत असे आणि पाठीशीं गुरुजी उभे असत. या दोहोंपैकीं एक जरी उणें पडलें, तरी साधन स्वस्त असो वा महाग, शिक्षण अडतें. ही गोष्ट मला फार उशिरां उमगली. ती किल्ली अजूनही माझ्या पेटींत आहे.